नेकार बीबर संस्थेची क्वार्टरबॅक चौकशी

नेकारसुल्म येथील ‘नेकार बीबर’ या नोंदणीकृत क्रीडासंस्थेच्या २०१६ सालच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, विषय क्रमांक सातखाली, अशी नोंद करण्यात आली की अमेरिकेतून मागवलेला क्वार्टरबॅक सलग तिसऱ्या वर्षी खराब निघाला आहे.

बीबर म्हणजे पुढचे दोन दात बाहेर आलेला, नदीत बांध घालत बसणारा कष्टाळू प्राणी. संस्था खेळायची तो अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडू, हेल्मेट आणि धडका. आणि क्वार्टरबॅक म्हणजे संघातला तो एक जीव, ज्याच्या हातात चेंडू येतो आणि समोरून धावत येणारी शंभर-शंभर किलोची माणसं अंगावर पडायच्या आत, म्हणजे साधारण तीन सेकंदांत, ज्याला ठरवायचं असतं की चेंडू कोणाकडे फेकायचा. हा माणूस स्थानिक बाजारात मिळत नाही. म्हणून संस्था दरवर्षी एक क्वार्टरबॅक थेट अमेरिकन कॉलेजातून आणायची. पगार, एक खोली आणि अध्यक्षांच्या सासऱ्यांची जुनी गाडी द्यायची.

पहिला आला ब्रॅडली. त्याने कॉलेजात चाळीस टचडाउन केले होते, म्हणजे चाळीसदा चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे पोचवून सहा-सहा गुण मिळवले होते. नेकारसुल्ममध्येही त्याने पुष्कळ केले, फक्त समोरच्या संघासाठी. दुसरा ट्रेव्हर. त्याच्या गावात त्याच्या नावाचं सँडविच मिळायचं. इथे चेंडू हातात आला की तो असा उभा राहायचा, जणू कोणीतरी त्याला दुसऱ्याचं रडणारं बाळ धरायला दिलंय. तिसरा कोडी. पहिल्या सामन्यानंतर आईची तब्येत बिघडल्याचं सांगून तो परत गेला. आई त्याच दिवशी फेसबुकवर घसरगुंडीवरून हात वर करून खाली येताना दिसली.

“आल्झो, हे बघा,” अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, शॉयफेले म्हणाले, “माल तर नामांकित कॉलेजांचा होता.”

हेर शॉयफेले कचरा वर्गीकरण खात्यातून निवृत्त झाले होते आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीसाठी एक ठरावीक रंगाचा डबा असतो, यावर त्यांची अढळ श्रद्धा होती. कॉलेजचे क्वार्टरबॅक नेमक्या कुठल्या डब्यात टाकायचे हे कळत नसल्याने त्यांची झोप उडाली होती. चौकशी समिती नेमायचं ठरलं. सभागृहात एकच गृहस्थ असा होता, ज्याने सभेचा अजेंडा छापून, भोकं पाडून, फाइलला लावून आणला होता. त्याची सचिवपदी बिनविरोध निवड झाली.

तो गृहस्थ म्हणजे श्रीनाथ. गाडीच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला होता. बी.ई. मेकॅनिकल, विद्यापीठात तिसरा. शेवटच्या रांगेत बसलेल्या त्याच्या मुलीने, उर्जाने, दोन्ही हातांनी डोकं धरलं.

उर्जा सोळा वर्षांची होती आणि संस्थेच्या सतरा वर्षांखालच्या फ्लॅग संघाची क्वार्टरबॅक होती. फ्लॅगमध्ये धडका नसतात. कमरेला दोन पट्ट्या लावलेल्या असतात, त्यातली एक समोरच्याने ओढली की तुम्ही संपलात. मुलं-मुली एकत्र, एका बाजूला पाच जण. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करताना जिचा हात कोपरापर्यंतच वर जायचा, ती उर्जा आता पाच जणांच्या गोलात उभी राहून “लेना, तू उजवीकडून पळ, मी बघते” असं म्हणायची आणि लेना खरंच पळायची! हे तिला अजून खरं वाटत नव्हतं. दोन आठवड्यांनी रविवारी ‘श्वार्झवाल्ड क्रेहेन’ म्हणजे कावळे नावाच्या संघाशी सामना होता. जो जिंकेल तो राज्याच्या अंतिम फेरीत. उर्जाला जगाकडून एवढंच हवं होतं: ते दोन सामने तिला तिच्या डोक्याने खेळू द्यावेत.

समितीला शास्त्रीय बाजू हवी म्हणून बाबांनी हृषिकेशला घेतलं. तो कायझर्सलाउटर्नच्या एका संस्थेत संख्याशास्त्रात डॉक्टरेट करत होता, सहावं वर्ष चालू होतं. ‘कधी संपणार?’ असं विचारणाऱ्या घरी तो पुन्हा जेवायला जात नसे. उर्जाच्या आईने, सुलेखाने, हा प्रश्न कधीच विचारला नव्हता. त्यामुळे तो दर शनिवारी दुपारी हजर असायचा.

पुढच्या शनिवारी तो पाच हजार सामन्यांची आकडेवारी चाळून आला.

“निष्कर्ष एका ओळीत आहे, श्रीनाथदादा.”

“एका ओळीत?” बाबांचा चेहरा पडला. “जोडपत्रं तरी असतील.”

“नाहीत. ऐका तर. कॉलेजात हे लोक स्वतः काही ठरवतच नाहीत. चेंडू हातात यायच्या आधी माना वळवून मैदानाबाहेर बघतात. तिथे कोचची माणसं भलेमोठे फलक धरून उभी असतात. फलकावर चित्रं. अननस म्हणजे डावीकडे फेक, बाथटब म्हणजे पळ. हा बघतो, तसं करतो, टाळ्या पडतात. मग पगारी संघात येतो. समोरचे ऐन वेळी जागा बदलतात, बाहेर बघायला वेळ नसतो आणि याला आयुष्यात पहिल्यांदा कळतं की आपल्याला ठरवताच येत नाही.”

“आणि जे चांगले खेळतात ते?” उर्जाने विचारलं.

“त्यांना कोणीतरी आधी भरपूर चुकू दिलेलं असतं. बास, एवढंच.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना काहीतरी गवसल्याची ती खूण होती.

“म्हणजे कॉलेजात मार्गदर्शन होतं, तेव्हा यश. नेकारसुल्मला आल्यावर मार्गदर्शन बंद, तेव्हा अपयश.”

“दादा, मी बरोबर उलटं म्हणतोय.”

“आकडे तुझेच आहेत, हृषिकेश. मार्गदर्शन कमी पडतंय!”

हृषिकेशने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आईने त्याच्यापुढे श्रीखंडाची दुसरी वाटी सरकवली आणि शास्त्राने तिथेच माघार घेतली.

संस्थेच्या पुढच्या बैठकीत समितीचा ठराव झाला: मार्गदर्शन वाढवणे. अडचण एकच होती. कोडी पळून गेल्यामुळे मार्गदर्शन करायला क्वार्टरबॅकच शिल्लक नव्हता. हेर शॉयफेले यांनी सभागृहभर नजर फिरवली आणि ती उर्जावर येऊन थांबली. तिला ‘प्रायोगिक प्रकल्प’ म्हणून घोषित करण्यात आलं.

“पण मी कॉलेजात नाहीये!” उर्जा ओरडली. “मी दहावीत आहे!”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” हेर शॉयफेले आनंदाने म्हणाले. “रोगाच्या आधीच औषध.”

पहिल्या टप्प्यात फलक आले. बाबांनी कारखान्यातल्यासारखं काम केलं. प्रत्येक फलक एक मीटर गुणिले सत्तर सेंटिमीटर, लॅमिनेट केलेला, मागे क्रमांक आणि तपासणीची तारीख. चित्रं घरात फोटो काढून मिळतील ती. वांगं म्हणजे लांब फेक. कुकर म्हणजे तीन मोजून फेक. इस्त्री म्हणजे सरळ पुढे. छत्री म्हणजे जवळच्याला दे. हेर शॉयफेले यांनी स्वतःच्या पदरचे पिवळा, निळा आणि तपकिरी अशा तीन कचऱ्याच्या डब्यांचे फलक घातले. त्यांचा अर्थ नंतर कळवण्यात येणार होता.

दुसऱ्या टप्प्यात कोणाच्या तरी लक्षात आलं की एकटा माणूस फलक दाखवतो, हे धोक्याचं आहे. जर्मनीत महत्त्वाच्या कागदावर दोघांची नजर फिरावी लागते, याला चार डोळ्यांचं तत्त्व म्हणतात. ते फेकीलाही लागू झालं. बाबांनी फलक उचलायचा, दुसऱ्या सदस्याने तोच फलक उचलून दुजोरा द्यायचा आणि मगच उर्जाने चेंडू फेकायचा. दुसरा सदस्य म्हणून आईची नेमणूक झाली.

“अहो, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही.”

“म्हणूनच, सुलेखा. तू निःपक्षपाती आहेस.”

“मला रविवारी इडलीचं पीठ वाटायचंय.”

“ते फलकांच्या मध्ये वाट.”

तिसरा टप्पा बाबांनी एकट्याने, हौसेने केला. मैदानावर एखाद्या वेळी उर्जाला फलकापेक्षा वेगळं काही करावंसं वाटलं तर? तिच्यावर अन्याय नको. म्हणून त्यांनी पूर्वपरवानगीचा अर्ज तयार केला. त्यात फेकीचा उद्देश, झेलणाऱ्याचं पूर्ण नाव, वाऱ्याची दिशा, गणितातला शेवटचा ग्रेड आणि पालकांची सही अशा जागा होत्या. अर्ज कामाचे पाच दिवस आधी द्यायचा होता.

“बाबा, समोरची मुलगी डावीकडे पळेल की उजवीकडे, हे मला पाच दिवस आधी कसं कळणार?”

“नियोजन, बाळा. नियोजन.”

“आणि गणिताचा ग्रेड कशाला?”

“ते जाता जाता विचारून घेतलं. तू एरवी सांगत नाहीस.”

रविवारी मैदानावर ऊन होतं, नेकारवरून वारा येत होता आणि सॉसेजच्या टपरीपुढे रांग लागली होती. रेषेबाहेर समिती ओळीने उभी होती. बाबांपुढे एकतीस फलक क्रमाने लावलेले. आईनेही तिचा संच लावला होता. पण तिने तो भाज्या, भांडी आणि किरकोळ असा वेगळा केला होता.

पहिल्याच खेळीला उर्जाने मान वळवली. बाबांनी वांगं उचललं. आईला वांगं सापडेना, तिने तात्पुरती छत्री उचलली. मतभेद झाल्यामुळे हेर शॉयफेले यांनी लवाद म्हणून पिवळा डबा वर केला. उर्जा वांग्याकडून छत्रीकडे, छत्रीकडून डब्याकडे बघत असताना क्रेहेनची एक चिमुरडी मुलगी चालत, अगदी चालत आली, तिने उर्जाच्या कमरेची पट्टी ओढली आणि “डांके”, म्हणजे धन्यवाद, म्हणून निघून गेली.

दुसऱ्या खेळीला दोघांनी कुकर उचलला. एकमत! उर्जाने तीन मोजले. तोवर समोरच्या पाचही जणांना कळलं होतं की ती तीन मोजते आहे. चेंडू मधल्यामध्ये पळवला गेला. तिसऱ्या खेळीला वारा आला आणि इस्त्री नदीच्या दिशेने उडून गेली. अर्धा सामना संपला तेव्हा फलक होता शून्य-अठरा. तो गुणफलक होता आणि त्याला कोणाचाही दुजोरा लागला नाही.

मध्यंतरात बाबा धापा टाकत आले. “उर्जा, कारण सापडलं. फलक लहान पडतायत. अंतिम फेरीपर्यंत दीड मीटरचे करू.”

ते गेल्यावर लेनाने पाण्याची बाटली खाली ठेवली. “तुझे बाबा आपल्याला वांगं का दाखवतात?”

“ते वांगं नाहीये,” उर्जा म्हणाली. “ती लांब फेक आहे.”

हे वाक्य तिच्या स्वतःच्या कानांवर पडलं आणि तिला एकदम हसू फुटलं. असं हसू की पोट धरून ती गवतावर बसली. लेनाही हसायला लागली, मग सगळा संघ. क्रेहेनची मुलं वळून वळून बघायला लागली की अठराने मागे असलेले हे लोक एवढे खूश कशाने आहेत.

दुसऱ्या अर्ध्यात उर्जाने मान वळवली नाही.

पहिली फेक जमिनीवर आपटली. दुसरी एका पंचाला लागली. रेषेबाहेरून “छत्री, छत्री!” असा आवाज आला. चूक कोणावर ढकलावी असं आसपास कोणीच नव्हतं. आणि गंमत म्हणजे, म्हणूनच तिला सगळं नीट दिसायला लागलं. समोरची उंच मुलगी डावीकडे जायच्या आधी उजवी टाच उचलते. तिच्यामागे मोकळी जागा होते. आणि त्या जागेत, अरे, लेना! उर्जाने चेंडू सोडला. तो फिरत फिरत गेला आणि लेनाच्या हातांत असा बसला, जणू तिथेच राहायला आला होता. पहिला टचडाउन!

मग ती थांबलीच नाही. दुसरा टचडाउन, तिसरा टचडाउन. अठरा-अठरा. शेवटच्या टचडाउननंतर मिळणाऱ्या दोन जादा गुणांच्या खेळीला तिने गोलात लेनाला फक्त “पळ” म्हटलं, सगळे लेनाच्या मागे धावले आणि उर्जा स्वतःच चेंडू घेऊन मोकळ्या बाजूने रेषेपलीकडे चालत गेली. वीस-अठरा!

रेषेबाहेर आई नीट दिसावं म्हणून फलकांच्या गठ्ठ्यावर चढून उभी होती. बाबांच्या हातातला निळा डबा केव्हाच गळून पडला होता आणि ते शुद्ध मराठीत “पळ गं, पळ, पळ!” असं ओरडत होते. सामना संपल्यावर त्यांनी उर्जाला एवढं घट्ट धरलं की तिची टोपी पडली. मग त्यांनी घसा खाकरला, टोपी उचलून दिली आणि ते अहवाल लिहायला गेले.

अहवालात म्हटलं होतं: दुसऱ्या अर्ध्यातील फेकी चौदा. पैकी मंजूर, शून्य.

बुधवारी दुपारी संस्थेच्या खोलीत सुनावणी झाली. विषय: सदर खेळाडूस अंतिम सामना खेळू द्यावा काय.

“यश मान्य आहे,” हेर शॉयफेले म्हणाले. “पण ते वर्गीकरण न करता आलेलं यश आहे. माझं मत विरोधात.”

“माझं बाजूने,” हृषिकेश म्हणाला. “आणि पहिल्या दिवशीच मी—”

“नोंद झाली,” बाबा म्हणाले.

एक विरुद्ध एक. उरलं तिसरं मत. नियमानुसार एका कुटुंबाला एकच मत होतं आणि त्यावर सचिवाची सही लागायची. नियम बाबांनीच लिहिला होता. त्यांनी पेन उघडलं. पेन तसंच राहिलं.

“सुलेखा, तुला काय वाटतं?”

“मी नाही सांगणार.” आईने हाताची घडी घातली. “अहो, वीस वर्षं मीच सांगतेय. घर मी निवडलं, पडदे मी, गाडी मी. जर्मनी कंपनीने निवडली. इंजिनिअरिंग अप्पांनी निवडलं. हे एक तुम्ही ठरवा.”

बाबांनी हेर शॉयफेले यांच्याकडे पाहिलं. मग हृषिकेशकडे. मग खिडकीबाहेर, जणू तिथे कोणी काही धरून उभं असेल. उर्जाने असा चेहरा आधी पाहिला होता. ट्रेव्हरचा. चेंडू हातात आल्यावरचा. विद्यापीठात तिसरा आलेला, पदकवाला, तपासणीच्या कामात कधी एक चूक न काढू दिलेला आपला बाबा! तिला हसावं की जवळ जाऊन त्याचा हात धरावा ते कळेना.

“एक मिनिट,” बाबा म्हणाले. “मी जरा अप्पांना विचारतो.”

अप्पा म्हणजे उर्जाचे आजोबा आत्माराम. सांगलीला असत, निवृत्त मुख्याध्यापक, वय ऐंशी. बाबांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

“अप्पा, एक निर्णय होता.”

“कसला? घर विकताय?”

“नाही हो. उर्जाने अंतिम सामना खेळावा का नाही.”

“कबड्डी?”

“फुटबॉल. हाताने खेळतात.”

“हाताने खेळतात आणि फुटबॉल म्हणतात. बरं. तिला खेळता येतं का?”

“येतं. फार छान येतं.” बाबांचा आवाज एकदम मऊ झाला. “अप्पा, तुम्ही बघायला हवं होतंत.”

“मग मला काय विचारतोस? तिला विचार की.”

“तिला? पण अप्पा, ती सोळाची आहे.”

“आणि तू सत्तेचाळीसचा आहेस,” अप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बाबांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला. अख्खी समिती उर्जाकडे बघत होती.

“उर्जा, अप्पांनी सांगितलंय म्हणून विचारतो. तुझं काय म्हणणं असावं, असं तुला वाटतं?”

“मी खेळणार. आणि बाहेर बघणार नाही.”

“नक्की?”

“हो, बाबा. नक्की.”

बाबांनी सही केली. इतिवृत्तात नोंद झाली ती अशी: ‘सांगलीहून प्राप्त झालेल्या दूरध्वनी आदेशानुसार खेळाडूस स्वतः निर्णय घेण्याची परवानगी देण्यात येत आहे. परवानगीची मुदत: एक सामना.’ हेर शॉयफेले यांनी कागद घेतला, तीन डब्यांपैकी कुठला याचा बराच विचार केला आणि शेवटी तो खिशात ठेवला. उर्जा तोवर जिना उतरून मैदानाकडे धावत सुटलीसुद्धा होती.

अंतिम सामन्याचा निकाल या कथेत दिलेला नाही. तो छापून आला असता तर सोयीचं झालं असतं, हे मान्य. जिंकली असती तर मुलगी धीट, हरली असती तर शेफारलेली. वाचकाला फक्त आकडा बघायचा आणि मान डोलवायची. ज्यांना तो आकडा कळल्याशिवाय उर्जाचं बरोबर होतं की चूक हे सांगता येत नाही, त्यांच्यासाठी एक निवेदन: समितीत एक जागा रिकामी आहे. अनुभवाची अट नाही. यायचं की नाही, ते घरी विचारून कळवा.